ओळख पटल्याची सही

माझी सही वाईट आहे. शाळेत बाई विचारायच्या, "वासंती, हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग?" त्याच मुंग्यांच्या जोरावर गेली बावीस वर्षं मोबाइल कंपन्यांचा माल बंदरातून बाहेर पडतो आहे. कस्टम्स म्हटलं की लोकांना विमानतळावर बॅगा उचकटणारी माणसं आठवतात. मी त्यांतली नव्हे. मी त्यांच्यासमोर कागद घेऊन उभी राहते, आणि कागदात खोट निघाली तर ओरडा मी खाते.

टॉवरवर पांढरे डबे टांगलेले दिसतात ना, ते आमचं सामान. आम्ही त्यांना युनिट म्हणतो. बिघडले की खाली उतरवायचे, कल्याणच्या गोदामात जमा करायचे आणि मलेशियात पेनांगला दुरुस्तीला पाठवायचे. परत आले की सरकार म्हणतं, हा काही नवा माल नाही, तुमचाच आहे, तेव्हा नव्यासारखा कर भरू नका. अट एकच. जो गेला तोच परत आला पाहिजे, आणि तसं कोणीतरी लिहून दिलं पाहिजे. "ओळख पटली" असं लिहून खाली सही ठोकणारी मी.

नंबरावर माझा कधीच विश्वास नव्हता. नंबर स्टिकरवर असतो आणि स्टिकर कोणीही चिकटवतं. मी खोड बघते. माल जायच्या आधी गोदामात बसून एकेका युनिटची खोड मी वहीत उतरवून घेते. ह्याचा कोपरा चेपलाय, त्याचं हँडल वाकडं आहे, तिसऱ्याच्या स्क्रूमध्ये पतंगाचा मांजा अडकलाय. दुरुस्ती करणारा बिघाड काढतो, पण चेपलेला कोपरा सरळ करत बसत नाही. तेवढ्यावर ओळख पटते.

तीन वर्षांपूर्वी पेनांगहून माल आला आणि एकाही युनिटवर एकही खोड सापडेना. नंबर सगळे बरोबर. ज्यांच्या जमिनीवर आमचं गोदाम आहे ते काळुराम, खाडीकडच्या गावातले जुने आगरी गृहस्थ, दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांनी नाक पुढे करून एक डबा हुंगला. "बाय, यो माल आपला नाय," म्हणाले. "आपले डब्यांना कावल्यांची घान येते. याला कयच वास नाय."

मी पेनांगला फोन लावला. तिकडचा मॅनेजर अतिशय गोड माणूस. त्यानं काहीही लपवलं नाही. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणाला, म्हणून आम्ही तशाच दुसऱ्या युनिटवर तुमचा नंबर घालतो आणि पाठवतो. चालतं की नाही छान? जुन्यापेक्षा छानच चालतं. मी विचारलं, मग आमचं मूळचं? तो म्हणाला, ते मशीनमध्ये घालून चुरा करतो, इथे काही ठेवत नाही.

पेनांगवाल्यांशी केलेल्या करारात एक कलम होतं. माझी सही झाल्यावर तीस दिवसांच्या आत मी ती मागे घेऊ शकते. मागे घेतली की बदली माल परत जातो आणि मूळचा शोधून देणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. तीस दिवस उलटले की विषय संपला, मूळच्याची चौकशी कोणी करायची नाही. मी तेव्हा सही मागे घ्यायला हवी होती. पण निम्म्या जिल्ह्याचे फोन बंद होते, वरचे साहेब दर तासाला विचारत होते, आणि डबे खरंच छान चालत होते. मी गप्प बसले. पुढच्या खेपेलाही गप्प बसले. मग सवयच झाली.

ह्यावरून माझ्याशी भांडला तो एकटा सिद्धेश.

सिद्धेश ओव्हाळ. बाविसाव्या वर्षी माझ्या हाताखाली आला, ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे राहणारा. शर्ट कायम बाहेर, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि तोंड असं की कस्टम्सच्या अधिकाऱ्यालासुद्धा "तुम्ही वाचलंय का साहेब हे?" असं विचारून मोकळा. प्रत्येक काम आधी चुकवायचा आणि मग असं करायचा की पुन्हा बघायला लागू नये. बारा वर्षं मी त्याच्यावर खेकसले. मला मूलबाळ नाही. त्या पोरावर माझा जीव होता आणि हे मी त्याला एकदाही सांगितलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात नियम बदलला. तिकडे दुरुस्ती होत असताना आपल्या माणसानं हजर राहून फोटो काढायचे, असं ठरलं. सिद्धेश स्वतःहून पुढे आला. "मॅडम, मी जातो. एकेक डबा माझ्यासमोर उघडायला लावतो. बदली एक पण पाठवू देणार नाही, बघाच तुम्ही." बायको रचना आणि चार वर्षांची मृणाल यांना सोडून सहा महिने जायचं होतं. मी नको म्हणायला हवं होतं. मी त्याच्या तिकिटाची सोय केली.

पहिले तीन महिने तो रोज फोनवर तिकडच्यांच्या नावानं शंख करायचा. जानेवारीत एक आठवडा फोनच नाही. मग आला. "सगळं व्यवस्थित आहे, मॅडम. काळजी करू नका." मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, शिकला एकदाचा.

एप्रिलच्या तीन तारखेला दोनशे बारा युनिट परत आले आणि त्यांच्याबरोबर सिद्धेश. माझ्या टेबलावर त्यानं कागदांचा गठ्ठा ठेवला, कडा एकसारख्या केलेला. मी नेहमीसारखी पानं उलटत सह्या मारत गेले. मालाच्या यादीत शेवटची ओळ दोनशे तेरावी होती. "मालासोबत परतलेला प्रतिनिधी: सिद्धेश ओव्हाळ." बाकीच्या ओळींपुढे होता तसाच तिच्यापुढेही "ओळख पटली"चा रकाना होता. मी मान वर न करता सही केली.

"थँक्यू, मॅडम," तो म्हणाला.

बारा वर्षांत त्यानं मला थँक्यू म्हटलं नव्हतं. मी वर पाहिलं. शर्ट आत होता. दात पूर्ण होता.

"बसवून घेतला तिकडे?" मी विचारलं.

"हो, मॅडम," तो म्हणाला, आणि गेला.

पुढचे तीन आठवडे ऑफिसात सगळे खूश होते. एक कागद चुकला नाही. एका अधिकाऱ्यानं तर मला मुद्दाम फोन करून सांगितलं, तुमचा तो मुलगा फार सुधारला हो. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर माझ्या अंगावर काटा आला. का ते मला सांगता येईना. म्हणून मी स्वतःवरच चिडले आणि दिवसभर सगळ्यांवर डाफरत राहिले.

सत्तावीस तारखेला, सोमवारी, रजा टाकून मी वर्तकनगरला घरीच होते. भर दुपारी बाराला बेल वाजली. दारात रचना. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज शंभर माणसांचं रक्त काढते, सहसा घाबरणारी बाई नाही. पाणी दिलं तर तिनं ग्लास हातात धरला आणि प्यायलीच नाही.

"मॅडम, तुम्ही माल बघून सांगता ना, गेला तोच आला की नाही ते?"

"हो."

"मग तुम्ही सिद्धेशला बघा."

मी हसले. ती हसली नाही.

"तो घोरत नाही," ती म्हणाली. "मृणाल जन्मली तेव्हा लय रडायची, म्हणून तो तिला भोपू म्हणायचा. आता मृणाल म्हणतो. जन्मदाखल्यावर आहे तसं पूर्ण, मृणाल सिद्धेश ओव्हाळ. बुद्धवंदना म्हणताना आधी अर्धं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, सासूबाई ओरडायच्या. आता सगळं पाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी त्याला कधी काय मेसेज केलेला ते तारखेसकट सांगतो. पण मला पहिल्यांदा काय बोलला होता ते विचारलं तर नुसता हसतो."

"अगं, माणूस बाहेर जाऊन आला की बदलतो."

तिनं पर्समधून एक कागद काढला. लॅबचा रिपोर्ट होता. "चेकअप म्हणून मी त्याचं रक्त घेतलं. रक्तगट तोच आहे. पण हे आकडे बघा. साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, सगळं बरोबर मधोमध. पुस्तकात छापतात ना तसं. मी अकरा वर्षं हे काम करतेय मॅडम. जिवंत माणसाचा असा रिपोर्ट मी बघितलेला नाही."

मी कागद परत परत वाचला. मग तिला मी सगळं सांगितलं. बदली माल, नंबर, कलम, आणि दोनशे तेरावी ओळ. बदली मालाचं मी आजवर सिद्धेशशिवाय कोणाला बोलले नव्हते.

तिनं फक्त एवढंच विचारलं, "सही मागे घेता येते?"

"अजून सहा दिवस आहेत. मागे घेतली तर त्यांना शोधावं लागेल त्याला. नाही घेतली तर कोणीच शोधणार नाही."

"मग उद्याच या," ती म्हणाली. "त्याला पण सुट्टी टाकायला लावते."

मंगळवारी मी खोपटला गेले. डेपोच्या मागची चाळ, दुसरा मजला. खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, खाली मृणालची खेळणी उंचीप्रमाणे लावून ठेवलेली. सिद्धेशनं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मृणाल त्याच्या गुडघ्याला चिकटून होती. डाव्या भुवईवरचा व्रण जागच्या जागी होता. तो व्रण कंपनीच्या वैद्यकीय फॉर्मवर ओळखीची खूण म्हणून नोंदलेला आहे. तुटका दात कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

मग मी खोड तपासली.

चार वर्षांपूर्वी त्यानं चौदा युनिट न बघताच "बघितले" म्हणून वहीत लिहिले होते. कल्याणच्या गोदामात, खोक्यांच्या थप्पीमागे नेऊन मी त्याच्या थोबाडीत मारली होती. तो रडला. मग मलाही रडू आलं. दोघांनी तिथेच जमिनीवर बसून ते चौदाही डबे उघडून पाहिले. त्या थपडेचं आणि रडण्याचं एक अक्षर कुठल्या रजिस्टरात नाही, मेलमध्ये नाही. आम्ही पुन्हा कधी ते बोललोही नाही.

"सिद्धेश, ते चौदा युनिट आठवतात? गोदामात काय झालं होतं त्या दिवशी?"

"हो, मॅडम," तो लगेच म्हणाला. "आपण अकरा चाळीसला आत गेलो, सव्वाचारला बाहेर आलो. गेटवर काळुरामकाकांनी नोंद केली. चौदापैकी दोन युनिटचे कोपरे चेपलेले होते. पाच वाजून दोन मिनिटांनी तुम्ही मेल केलात."

"आणि?"

"आणि काय, मॅडम?"

"आत काय झालं?"

तो थांबला. चेहऱ्यावर अडचण नव्हती, आठवायचा प्रयत्न नव्हता. मृणालच्या केसांवरून फिरणारा त्याचा हात तेवढा थांबला आणि पुन्हा फिरायला लागला.

"काही नाही, मॅडम. तपासणी झाली."

मी उठले आणि रचनाला घेऊन गॅलरीत आले. खाली डेपोत कुठली तरी गाडी लागल्याचं माइकवरून सांगत होते.

"तो नाहीये," मी म्हटलं. "रचना, हा तो नाही."

मला वाटलं ती कोसळेल. तिनं कठडा घट्ट धरला, एवढंच.

"हा परत जाईल ना मग?"

"हो. बदली माल आधी परत जातो."

"आणि तिकडून तो आलाच नाही तर?"

आमच्या मालाचं ते काय करतात हे कालच मी तिला सांगून बसले होते.

आतून मृणालच्या हसण्याचा आवाज आला. तो तिला काहीतरी वाचून दाखवत होता. रचनानं दारातून आत पाहिलं. "मागच्या आठवड्यात हिला ताप होता," ती म्हणाली. "तीन दिवस मांडीवर घेऊन बसला होता. पाणी प्यायलासुद्धा उठला नाही. सिद्धेश असता तर दुसऱ्या तासाला वैतागला असता. माझा सिद्धेश होता तो, मॅडम, मी त्याला शिव्या घालायचे आणि त्याच्याशिवाय मला जेवण जायचं नाही. पण मी सही मागे घ्या म्हणाले आणि तो पण नाही आला, हा पण गेला, तर पोरीला काय सांगू?"

"तूच काल आलीस माझ्याकडे."

"आलेली. तेव्हा मला खात्री नव्हती." तिनं डोळे पुसले. "खात्री नव्हती तेच बरं होतं. राहू दे सही. तुम्ही डब्यांचं राहू दिलंत ना?"

ती टोचून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. मला तिचा राग आला, मग माझा आला. बाराशे-पंधराशे डब्यांचा चुरा मी होऊ दिला होता, आणि तो थांबवायला गेलेल्या पोरालाही त्याच रांगेत उभं केलं होतं. चप्पल घालून मी निघाले.

तो मला सोडायला खाली आला. माझी पिशवी त्यानं न विचारता घेतली. डेपोच्या फाटकापाशी रिक्षा नव्हती, म्हणून आम्ही उन्हात उभे राहिलो.

"मॅडम, अजून पाच दिवस आहेत," तो म्हणाला. आवाज सिद्धेशचाच, फक्त त्यातला तिखटपणा गेलेला. "तुम्ही म्हणालात तर मी जाईन. मला त्याचं काही नाही. पण तिकडे ते काही ठेवत नाहीत. तुम्हाला माहितीये."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. भुवईवरचा व्रण, कपाळावरचा घाम, सगळं माणसाचं होतं. मला पळून जावंसं वाटत होतं आणि त्याहून जास्त एक गोष्ट विचारायची होती.

"त्याला त्रास झाला का रे?"

त्यानं मान किंचित तिरकी केली. कपाटात फाइल शोधताना माणूस थांबतो तसा क्षणभर थांबला.

"ते माझ्याकडे आलेलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "ते कोणी लिहून ठेवलेलं नाही."

सही मी मागे घेणार नाही, हे मला तिथेच कळलं. त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी खोपटच्या डेपोसमोर, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागले. माझा सिद्धेश असता तर "काय मॅडम, लोक बघतायत" म्हणून केव्हाच पळून गेला असता. हा माझी पिशवी धरून शेजारी उभा राहिला, माझं रडणं संपेपर्यंत.